कंबरमोडी

लसणाच्या वाफ्यात वहिनी खुरपत होती आणि मी बांधावर बसून नुसता बघत होतो. खुरपं निसटलं, तिच्या अंगठ्याला लागलं. मी रुमाल शोधेपर्यंत तिनं नुकत्याच उपटलेल्या तणातला थोडा पाला घेतला, तळहातावर चुरगळला आणि त्याचा रस जखमेवर पिळला.

"वहिनी, कसला पाला हा?"

"कंबरमोडी. आमच्या माहेरी हिलाच जखमजोडी म्हणतात, भाऊजी."

फिकट पाकळ्यांचं, मध्ये पिवळं असं इवलंसं फूल येतं हिला. एखाद्या कवीनं नाव ठेवलं असतं, तर त्या फुलावरून ठेवलं असतं. पण हिचं बारसं करणारीला फुलाकडे बघायला सवड नसावी. कितीही उपटली तरी ही पुन्हा उगवते. दिवसभर वाकून हिला उपटताना जिची कंबर मोडली, तिनंच वैतागून हे नाव दिलं असणार. आणि दुसरं नाव तिलाच सुचलं असेल, बोट कापलं त्या दिवशी. कोशात काय दिलंय ते मी बघणार नाही. मला हेच खरं वाटतं.

रक्त थांबलं तशी वहिनी पुन्हा वाकली. वाफा संपल्यावर कंबरेवर हात ठेवून ती सावकाश ताठ झाली. मागे सगळं स्वच्छ झालं होतं. फक्त बांधाच्या कडेला कंबरमोडीचं एक रोप तसंच होतं.

"ते एक राहिलं," मी म्हणालो.

"राहिलं नाही, ठेवलंय. उद्याही खुरपं माझ्याच हातात असणार."