मामाचा लाल पट्टा आणि बगरूचा रंगारी

जयपूरला खुशाल जा, पण माझ्या मामाला बरोबर नेऊ नका. आधीच सांगून ठेवते.

मामा एकोणऐंशी वर्षांचा. आयुष्यात त्याने खुर्च्या केल्या, पुस्तकांची मुखपृष्ठं केली, नाटकांचे सेट, चिनी मातीची भांडी, आणि एकच टॅपेस्ट्री, म्हणजे हातमागावर विणलेला भिंतभर लोकरीचा पट. खुर्च्या भंगारात गेल्या, सेट मोडले. पट तेवढा जयपूरच्या एका विमा कंपनीच्या ऑफिसात अजून आहे, असं कळलं होतं. त्यातल्या लाल पट्ट्यावरून चाळीस वर्षांपूर्वी मामाचं आणि जयपूरजवळच्या बगरू गावातले रंगारी रामधनजी यांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. लोकर त्यांनीच रंगवली होती. मामाला भडक रासायनिक लाल हवा होता. रामधनजी म्हणाले, हा टिकणार नाही, मंजिष्ठेच्या मुळांचा घ्या. मामाने ऐकलं नाही आणि दोघांचं बोलणं तुटलं.

"कोण बरोबर होतं ते त्याच्यासमोर ठरवायचंय मला," हे मामाचं पालुपद मी दोन वर्षं ऐकलं. मुलाची बारावी होऊ दे, उन्हाळा सरू दे, असं करत टाळत राहिले. डिसेंबरची काढलेली तिकिटं तर नणंदेच्या वास्तुशांतीसाठी रद्द केली. शेवटी फेब्रुवारीत निघालो.

पुण्याहून थेट गाडी आहे, पण तिकिटं महिनाभर आधी काढा. वाटेत मामाने स्टेशनांच्या पाट्यांवरच्या अक्षरांना नावं ठेवली, मग चहाच्या कपाच्या कानाला, मग माझ्या बॅगेला. स्टेशनवरचा रिक्षावाला ऐंशी मागतो, चाळीसात येतो. हॉटेलातली खुर्ची मामाने उचलून व्हरांड्यात ठेवली. "हिच्यासोबत एका खोलीत झोपणार नाही मी." मी कपाळाला हात लावला. सकाळची कांद्याची कचोरी मात्र त्याने मुकाट्याने खाल्ली, दोन खाल्ल्या.

सी-स्कीम नावाच्या भागातलं ते विमा ऑफिस सापडलं. पटही होता, पण उलटा! गाठी, लोंबते धागे, सगळी पाठ बाहेर. माझा पाराच चढला. मॅनेजर नागपूरकडचे निघाले.

"मॅडम, रागावू नका. दुपारी इकडून ऊन येते ना. आमच्या मिसेस म्हणाल्या, साडी उलटी वाळू घालतो तसा हाही उलटा टांगा. मतलब, रंग राहते."

मी आणखी तोंड सोडणार तेवढ्यात मामा पुढे झाला. उन्हाकडच्या बाजूला निळा, पिवळा शाबूत होते. लाल मात्र विटून बिस्किटासारखा झाला होता. दोन शिपायांनी स्टुलावर चढून एक कोपरा उलटवला. आत लाल जसाच्या तसा, झगझगीत.

"बघ, इथे हाच लाल हवा होता," मामा म्हणाला. मग विटलेल्या बाजूवर हात ठेवून म्हणाला, "आणि तो हे सांगत होता. बरोबर होता गं तो. चल, बगरूला चल."

जन्मात पहिल्यांदा त्याच्या तोंडून दुसरं कुणी बरोबर असल्याचं ऐकत होते.

बगरू तीसेक किलोमीटर, अजमेर रोड आता झकास आहे. टॅक्सी सहाशेत ठरवली. वाटेत मामा ओठांतल्या ओठांत हिंदी वाक्यं जुळवत होता. रामधनजींचं घर पहिल्याच माणसाने दाखवलं. अंगणात छापलेलं कापड वाळत होतं. त्यांचा मुलगा हात पुसत बाहेर आला. मामाने नाव सांगितलं.

"आप ही हैं वो लाल वाले साहब? बापूजी को गुज़रे सवा महीना हुआ." त्याने मामाला खाटेवर बसवलं. "आख़िर तक कहते थे, लाल तो साहब ने सही चुना था. आएँगे तो बोल दूँगा."

आणलेला पेढ्यांचा पुडा मामाने खाटेवर ठेवला. मला हिशेब करावा लागला नाही. डिसेंबरात आलो असतो तर ते भेटले असते. रद्द केलेल्या तिकिटांच्या दिवशी मी नणंदेच्या घरी जिलब्या वाढत होते.

घरी येऊन आठवडा झाला. कसं आहे जयपूर, असं सगळे विचारतात. छान आहे, जाऊन या, आणि जायचं ठरलं की लगेच जा. मामा रोज फोन करतो. फोटोंना नावं ठेवतो, माझ्या ह्या ब्लॉगच्या रंगांनाही ठेवली. त्या तिकिटांबद्दल मात्र अवाक्षर काढत नाही. काढलं असतं तर निदान भांडले तरी असते.