दाखला अडलेले मॅनेजर

धुळ्याला स्टँडमागच्या खानावळीत मी भाकरी थापायला जायची, तेव्हाची गोष्ट. तिथले मॅनेजर चूल पेटायच्या आधी आम्हा बायकांचे हात तपासायचे. नखात पीठ दिसलं की म्हणायचे, "का वं अक्का, गिऱ्हाईकले कालनं पीठ चारशी का?" बोलायचे असे हसत, की राग म्हणून यायचा नाही. भरीत कुटून झालं की पहिला घास तळहातावर घेऊन तेच चाखायचे.

नगरपालिकेचा नियमच होता, मॅनेजरपासून भांडीवालीपर्यंत सगळ्यांनी दरसाल तपासणी करून आरोग्याचा दाखला आणायचा. एका वर्षी आमचे दाखले आले आणि त्यांचा अडला. छातीच्या फोटोत टीबीचा डाग निघाला होता. खानावळीचे शेठ म्हणाले, "डॉक्टर आपल्या ओळखीचा आहे, सही आणतो."

"नको शेठ. मंग बायास्ना नखं मी कोणत्या तोंडाने देखू?"

त्याच दिवशी ते घरी बसले. औषधं मात्र नेमाने घेतली, पथ्य पाळलं, आणि बरे होऊन नवा दाखला हातात धरूनच आले. पण एवढे महिने शेठ थोडेच थांबणार? मॅनेजरच्या जागी गल्ल्यावर शेठचा मेहुणा बसला होता. त्याने दाखला वाचला आणि "छान झालं" म्हणून परत दिला.

मला राहवेना. पिठाच्या हातानंच दाराशी गेले. म्हटलं, "या ना भाऊ आत, जेवून तरी जा."

"पाहुना म्हणीसन येऊ का, अक्का?" ते म्हणाले, आणि चपला न काढताच वळले.