दोन्ही वाट्यांतले तीन-तीन बांगडे

परळच्या शाळेत टॅबलेट यावेत म्हणून मी लालबागभर पत्रकं वाटली होती. ‘त्यांच्या पोरांना यंत्र, आमच्या पोरांना पाटी का?’ हे वाक्य माझंच. संपात वडीलही पत्रकंच वाटायचे. त्यांची गिरणी काही उघडली नाही. टॅबलेट मात्र आले, आणि त्यांचा तास फुकटात माझ्याच गळ्यात पडला.

पाचवीला बीजगणिताची तोंडओळख. पडद्यावर तराजू, पारडी समान. एकात झाकलेला डबा आणि तीन गोटे, दुसऱ्यात आठ गोटे. डब्यात किती? दोन्हीकडचे तीन-तीन गोटे बाहेर काढायचे, की डबा एकटा उरतो.

पहिल्या बाकावरच्या मुलीची आई बाजारात मासळी विकायची. ही मुलगी डब्याशेजारचे तीन गोटे उचलून समोरच्या पारड्यात टाकायची. पारडं खाली, लाल फुली. पुन्हा तेच. तिसऱ्या फुलीला टॅबलेटनं तिचं खातं बंद केलं आणि नाव ‘कच्च्या’ यादीत घातलं. कच्च्यांना वर्षभर नुसते पाढे, बीजगणित नाही.

टॅबलेटच्या कंपनीचा माणूस आला होता. मी म्हटलं, “ती असं का करते, विचारलंत तिला?”

“मॅडम, यादी आपोआप बनते. आमच्या हातात काही नसतं.”

“मग तुम्ही येता कशाला?”

तो हसला. माझ्यात भांडायचंही त्राण नव्हतं. शेवटी मीच तिला विचारलं.

“मग काय टाकून देऊ?” ती म्हणाली. “आई वाटे लावते तेव्हा यातला बांगडा काढला की त्यात घालते. टाकत नाय कोण.”

इतके दिवस मला तिला विचारायचंही सुचलं नव्हतं. आणि पत्रकात मात्र ‘आमची पोरं’!

फरशीवर खडूनं दोन वाटे काढले. एकात डबा आणि तीन बांगडे, दुसऱ्यात आठ. “वाटे सारखे आहेत. आता मांजर आलं, दोन्हीतले तीन-तीन घेऊन गेलं.”

“सहा बांगडे? एकटं मांजर?”

“बरं बाई, दोन मांजरं.”

“मग वाटे सारखेच की.” ती थांबली. “डब्यात पाच! मासे गेले हे आधी सांगायचं ना, ताई.”

तिचं खातं बंदच होतं. शेजारणीच्या टॅबलेटवर तिनं पुढची सगळी गणितं सोडवली, एकही फुली नाही. सगळे गुण शेजारणीच्या नावावर. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, “यादी वर गेली हो. आता नाव काढायला अर्ज करा.”

त्या आठवड्यातला माझा तिसरा अर्ज. रिकाम्या वर्गात बाकावर बसून लिहायला घेतला. ती दप्तर पाठीला लावून उभीच.

“मला पाढेच का आता?”

“बघू,” म्हटलं. खोटं बोलायचाही कंटाळा आला होता.

तिनं वाकून कागद वाचला. “मांजरांचं पण लिहा.”

लिहिलं.