उजेडाच्या पाखातला बांबू

हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही — पत्नीला नाही, आणि ज्याला सांगायला हवे होते त्याला तर नाहीच. तुम्हाला सांगू शकतो, कारण तुम्ही मला ओळखत नाही.

फरीदाबादच्या आमच्या सोसायटीत माझी ख्याती निराळी आहे. दिल्लीत सरकारी नोकरीत कायद्याचे मसुदे करण्यात हयात गेली. निवृत्तीनंतरही लेखणी थंडावलेली नाही. बंद लिफ्ट, गढूळ पाणी, फुटपाथवरच्या मोटारी — कलमांसह पत्रे जातात. “अहो, तुमचं पत्र आलं की लिफ्टवाला आधी चहा मागवतो,” असे पत्नी म्हणते. मला खोट्याचा संताप येतो. तो इतका का येतो, असे मात्र मला कोणी विचारत नाही.

माझा थोरला भाऊ, दादा, मालवणजवळच्या आमच्या गावी मासेमारी करतो. सुरमईच्या दिवसांत त्याच्या लहानशा होडीच्या दोन्ही अंगांना दोन लांब बांबू पसरलेले असायचे. त्यांना गळांच्या दोऱ्या बांधायच्या आणि संथ चालत्या होडीने त्या पाण्यातून ओढत न्यायच्या. उजवा बांबू दादाचा, डावा त्याचा बालमित्र हरीचा. बांबू जोडीनेच निवडायचे — सारखे वाकणारे, वाकून सारखे परतणारे — आणि तोडायचे काळोखाच्या पाखातच. उजेडाच्या पाखात, चंद्र वाढत असताना तोडलेल्या बांबूला कीड धरते. रजेवर गेलो की मी त्या दोघांच्या मध्ये बसायचो. कोणी फारसे बोलत नसे. ती जागा — ती फळीवरची वीतभर जागा — मला दिल्लीत कुठे मिळाली?

एका वर्षी दादा म्हणाला, “या टायमाक बांबू तू निवड.” आणि तो जाळी आणायला परगावी गेला. मला केवढा आनंद झाला होता! हरीच्याच बांबूच्या बेटातले दोन मी वाकवून, वाजवून पसंत केले. हरी हसला. “वकीलसायब, चार दिस रवा. पुनव होऊंदे.”

माझी परतीची गाडी त्याआधी होती. माझ्या निवडीचे बांबू दादाच्या अंगणात पडलेले पाहूनच मला निघायचे होते. मी हरीला सांगितले — दादाला विचारले आहे, चालेल म्हणाला. हरीने त्याच दिवशी तोडून दिले. दादा परतला, बांबूवरून हात फिरवून म्हणाला, “जरा ओले वाटतत.” मी म्हणालो — हरीने गेल्या काळोखाच्या पाखातच तोडून सावलीत ठेवले होते.

दोन वाक्ये. दोघांनीही विश्वास ठेवला.

पुढच्या हंगामात मासा लागताच हरीच्या बाजूचा बांबू मधोमध मोडला. आतून किडीने केलेली पिठी गळली. दादाचा फोन आला — हरी म्हणतो, तू घाई केलीस, मी चालेल म्हणालो असे त्याला सांगितलेस, खरे काय? तो रागावलेला नव्हता. “होय” म्हटले असते तर दोन शिव्या देऊन हसला असता. हे मला तेव्हाही ठाऊक होते — मग कशाला भ्यालो? त्या फळीवरची जागा जाईल म्हणून?

मी म्हणालो, “हे विधान निखालस खोटे आहे.” एवढ्यावर थांबलो नाही. हरीला पत्र लिहिले — बेअब्रूच्या दाव्याची धमकी देणारे, निर्दोष भाषेतले. तसे चांगले पत्र मी पुन्हा लिहिले नाही.

हरी होडीवर आला नाही. एका माणसाला दोन बाजू सांभाळता येत नाहीत. दादाने गळ ओढणे सोडले, किनाऱ्यालगत जाळे टाकू लागला. मी गावी जाणे सोडले. रोज पहाटे, खाली दूधवाल्याच्या स्कूटरचा आवाज येतो तेव्हा, मी त्या दोघांच्या मध्ये बसलेला असतो.

काल दादाचा फोन आला होता. हरीला आता नीट दिसत नाही म्हणाला. मग पुढे म्हणाला: “एकदा त्याका इचारूचा आसा. आमी एवढे दोस्त — हरी माझ्याकडे खोटा कित्याक बोललो?”

“जाऊ दे, दादा,” मी म्हणालो. “आता विचारून काय उपयोग?”