पांगुळगाड्यासाठी घेतलेली हत्यारं

माझे वडील यवतमाळच्या कचेरीत नाझर होते. नाझर म्हणजे कचेरीच्या खुर्च्या, दौती, दौऱ्याचे तंबू आणि साहेबांच्या बंगल्यावरचे पडदे विकत घेणारा माणूस. आयुष्यभर त्यांनी सरकारसाठी खरेदी केली आणि ती कधीही पहिल्या दुकानात केली नाही. तीन ठिकाणचे नमुने पाहायचे, तिन्हींत खोड काढायची आणि ज्यात खोड कमी तो नमुना नाइलाजानं घ्यायचा, ही त्यांची रीत. निवृत्त झाल्यावर सरकार सुटलं, रीत सुटली नाही. भेंडी आणायला गेलेले वडील कधी कधी रिकामी पिशवी घेऊन परत येत आणि माझ्या बायकोला सांगत, "आज बाजारात एकाच माळ्याकडे होती. तुलना कशाशी करणार?"

घरात आम्ही चौघं होतो. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. वडील, मी, बायको आणि आमची मुलगी. मी शाळेत मास्तर होतो. साठ साल उलटून गेलं होतं, महाराष्ट्र झाल्याचे फलक अजून नवे होते, आणि मुलगी दीड वर्षाची होऊनही चालत नव्हती.

ती बसे, सरपटे, भिंतीला धरून उभी राही, पण उजवा पाय टेकला की खाली बसे. डॉक्टरांनी पाय दाबून पाहिला, मधे मोठा ताप आला होता का ते विचारलं, आणि नव्हता म्हटल्यावर म्हणाले, "थांबून पाहू." त्यांनी ज्या आजाराचं नाव घेतलं नाही ते आम्हीही घरात कधी घेतलं नाही. बायको रोज सकाळी तेल लावून तो पाय चोळायची आणि चोळताना तिकडे न पाहता अंगणाकडे पाहायची. येणाऱ्याजाणाऱ्या बायका उपाय सांगत. तिनं सगळे ऐकले आणि दोन-चार केलेही. मी करू दिले. पोरीच्या पायापुढे माझं वाचन फारसं टिकलं नाही.

 पोळा झाल्यावर एका सकाळी वडील आमच्या नेहमीच्या सुताराकडे गेले आणि पांगुळगाडा करायला सांगितला. सुतारानं हात जोडले. पोळ्यापर्यंत तो तान्ह्या पोळ्याला पोरं मिरवतात ते लाकडी बैल करत होता, आणि आता गावोगावच्या बैलबंड्या त्याच्या दारात उभ्या होत्या. कापूस निघायच्या आत प्रत्येकाला चाक नीट करून हवं होतं.

"दिवाळीनंतर या, साहेब. आत्ता मले जेवाले फुरसत नाई."

"बाजारातला तयार घ्या," मी म्हणालो.

"पाहिला. खिळे बाहेर आलेत," वडील म्हणाले. "आणि एकच नमुना आहे."

त्या दिवशी जेवताना त्यांनी जाहीर केलं की गाडा ते स्वतः करणार. वडिलांनी आयुष्यात पेन्सिलीपलीकडे लाकडाला हात लावला नव्हता. बायकोनं माझ्याकडे पाहिलं, मी वरणाकडे पाहिलं. मागच्या पडवीतलं सरपण दुसऱ्या दिवशी हललं आणि तिथे एक जुनं टेबल आलं. त्या जागेला आम्ही 'कारखाना' म्हणू लागलो. वडिलांनीही तो शब्द गंभीरपणे स्वीकारला.

कारखान्यात हत्यार मात्र एकही नव्हतं. करवत, रंधा, दोन पटाश्या आणि हातोडी एवढं हवं होतं. बाजारातल्या लोखंडी सामानाच्या दोन दुकानांत वडील रोज संध्याकाळी जाऊ लागले. पहिल्या दुकानातली करवत जड होती आणि तिचे दात मोठे होते. दुसऱ्या दुकानातली हलकी होती, पण वाकवली की जरा वाकडीच राही. पहिल्याकडची पटाशी विलायती म्हणून दाखवली गेली. वडिलांनी ती उन्हात नेऊन उलटीसुलटी केली आणि विचारलं, "विलायतेत गंज असा चढतो का?" तो दुकानदार पुढे त्यांना लांबून पाहिलं की आतल्या खोलीत जाई.

भाद्रपद संपत आला. दोन नमुने पाहून झाले होते आणि तिसरा गावात नव्हता.

"तिसरा कशाला हवा?" मी विचारलं.

"दोनात निवड होत नाही. दोनात भांडण होतं," वडील म्हणाले. "पांढरकवड्याला एक मोठं दुकान आहे म्हणतात. हमरस्त्यावर आहे. नागपूरचा, हैदराबादचा, सगळीकडचा माल येतो."

बायको मला स्वयंपाकघरात म्हणाली, "मामंजींचा तिसरा नमुना येईपर्यंत पोरीला स्थळं येतील." बोलून झाल्यावर तिनं तोंड फिरवलं. ज्या पायाची चिंता होती त्याच्यावर आपण विनोद केला, हे तिच्या लक्षात आलं असावं.  रविवारी वडिलांबरोबर एस. टी.नं पांढरकवड्याला गेलो.

दुकान ट्रकवाल्यांचं होतं. टायर, साखळदंड, जॅक आणि दोरांच्या मागे एका फळीवर सुतारकामाची हत्यारं होती. मालक बनियन घालून बसला होता. त्यानं करवत काढली, दोन्ही टोकं धरून कमानीसारखी वाकवली आणि सोडली. ती थरथरून सरळ झाली.

"पाहा साहेब. मानूस एवढा सरळ होत नाई."

वडिलांनी ती हातात घेतली, पात्यावर बोटाचं पेर मारून आवाज ऐकला. आवाजावरून काय कळतं हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण यवतमाळच्या दोन्ही दुकानांत इतर गिऱ्हाइकांना त्यांनी तसं करताना पाहिलं होतं. मग त्यांनी नाझराचा प्रश्न विचारला.

"दाखवायची करवत आणि बांधून द्यायची करवत एकच ना?"

मालक हसला. "तुमी सरकारी दिसता."

"होतो."

"मंग बसा. चहा सांगतो. सरकारी मानसाले वेळ लागते."

वेळ लागलाच. रंधे तीन निघाले. वडिलांनी प्रत्येकाचा तळ टेबलावर ठेवून खालून उजेड येतो का ते वाकून पाहिलं. पटाश्या नखावर टेकवून पाहिल्या. हातोड्या हातात तोलल्या आणि मला तोलायला लावल्या. मालक मधे दोन ट्रकवाल्यांना साखळ्या देऊन आला, तरी आमची हातोडी ठरली नव्हती. शेवटी तो म्हणाला, "एवढं पाहून राह्यले, तं मोठा कारखाना टाकता काय? फर्निचरचा?"

वडील सहसा खरेदीचं कारण सांगत नसत. कारण कळलं की भाव वाढतो, अशी त्यांची समजूत होती. त्या दिवशी त्यांनी हातोडी खाली ठेवली आणि म्हणाले, "नात चालत नाही. तिला पांगुळगाडा करायचाय."

 मालकानं वडिलांनी बाजूला ठेवलेली मोठी करवत उचलून घेतली आणि मागून दुसरी, बारीक दातांची आणली.

"हे घ्या. ते धंद्याची हाय, तुमचा हात दुखंन. किती वर्साची हाय नात?"

"दीड."

"माह्या बहिनीचा पोरगा उशिरा चालला," तो म्हणाला. तो चालला एवढंच त्यानं सांगितलं, पुढे काही उपाय सांगितला नाही, म्हणून मला तो माणूस फार आवडला. बांधताना त्यानं सामानात एक गिरमिट टाकलं, लाकडाला भोक पाडायचं. "हे आमच्याकून. पोरीच्या गाड्यासाठी."

वडिलांनी सगळी हत्यारं तिथेच घेतली. यवतमाळच्या दोन्ही दुकानांशी ताडून पाहायचं राहिलं, याची आठवण मी बसमध्ये करून दिली. ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "त्यानं विचारलं, कशासाठी. बाकीच्यांनी विचारलं नाही." सरकारी नोकरीत हा पक्षपात ठरला असता.

घरी गाठोडं सोडल्यावर बायको म्हणाली, "मामंजी, पटाशीला मूठ कुठाय?"

मूठ नव्हती. पाती होती, मागे निमुळतं टोक होतं, मूठ कोणत्याच पटाशीला नव्हती. तीन दुकानांत, इतक्या दिवसांत, वडिलांनी पोलाद पाहिलं, धार पाहिली, गंज पाहिला. मूठ नाही हे पाहिलं नाही. कचेरीत वस्तू पूर्ण येत असत. ते तडक सुताराकडे गेले. सुतार चाकाच्या आऱ्यांत डोकं घालून बसला होता. त्यानं सांगितलं की पटाशीला मूठ ज्याची त्यानं आपल्या हाताच्या मापानं करायची असते.

"मग तू करून दे."

"मुठी करून द्याले टाईम असता, तं म्या गाडाच नसता करून देल्ला काय, साहेब?"

 येताना वडिलांनी सुताराच्या ढिगातून बाभळीचे दोन तुकडे मागून आणले. ते नारळ फोडायच्या कोयत्यानं तासले. बायकोनं कंदिलाची फुटलेली काच जपून ठेवली होती, ती दिली, आणि वडील त्या काचेच्या कडेनं मुठी खरवडत बसले. हत्यारांसाठी केलेलं त्यांचं पहिलं काम हत्यारांशिवाय झालं. मुठी ओबडधोबड होत्या, पण वडिलांच्या हातात बसत. माझ्या हातात बसत नसत. मी एकदा धरून पाहिलं.

तेवढ्यात खंडेनवमी आली. शेजारी एक निवृत्त डेप्युटीसाहेब राहत. त्या काळी श्रमाच्या प्रतिष्ठेवर बोलायची साथ होती, आणि ज्यांनी कधी पाण्याचा तांब्या स्वतः घेतला नाही त्यांना ती लवकर लागे. साहेबांनी आमच्या कारखान्याचं वृत्त ऐकलं आणि पूजेला स्वतः आले, हार घेऊन. करवतीला हार घातला, तो घसरून दातांत अडकला. मग त्यांनी राष्ट्र, उद्योग आणि बुद्धिजीवी वर्गाचं कर्तव्य यांवर भाषण केलं. श्रोते आम्ही तिघं, आणि पाटावर बसलेली मुलगी. भाषणात करवत आणि रंधा यांची नावं अदलाबदल झाली, पण वडिलांनी कचेरीत याहून मोठी अदलाबदल ऐकली होती. शेवटी साहेबांनी विचारलं, "आणि पहिलं उत्पादन काय?"

"तिच्यासाठी गाडा," वडील म्हणाले.

साहेबांनी मुलीकडे पाहिलं, तिच्या पायाकडे पाहिलं. मग हाराच्या पाकळ्या करवतीच्या दातांतून एकेक काढत बसले. जाताना नुसतं "उद्यापासून करा" एवढं म्हणाले. पूजलेली हत्यारं त्या दिवशी वापरत नाहीत, म्हणून उद्यापासून.

काम दिवाळीपर्यंत चाललं. सागाचे तुकडे जुन्या दाराचे होते. वडील कापत, मोजत, पुन्हा कापत. मुलगी पडवीच्या उंबऱ्यापर्यंत सरपटत येई आणि तिथे बसून राही. रंधा फिरला की वर लाकडाची पातळ वळलेली साल निघे, ती तिला हवी असे. वडील एक साल तिच्याकडे टाकत आणि पुढचा हात मारत. हळूहळू साली लांब निघू लागल्या. तेवढ्यावरून मी म्हणेन की त्यांना रंधा जमला.

गाडा झाला. अंगणात आणला, मुलीला त्याची आडवी दांडी धरून उभं केलं. ती ढकलू लागली आणि गाडा डावीकडे गेला. तिला सरळ केलं, पुन्हा डावीकडे. पुढच्या चाकाचं भोक तिरपं पडलं होतं. वडील गुडघे टेकून बराच वेळ त्या भोकाकडे पाहत होते.

"गिरमिट," ते शेवटी म्हणाले. "तेवढं एकच पारखून घेतलं नव्हतं. फुकट मिळालं."

"गिरमिटाचा दोष की हाताचा?" मी विचारलं.

"दुसरं गिरमिट आणल्याशिवाय कसं सांगणार?"

ते चाक काढायला वाकले, तेव्हा बायको मधे आली. सासऱ्यापुढे ती सहसा फार बोलत नसे.

"राहू द्या, मामंजी. नका काढू. बघा तरी."

मुलीनं गाडा पुन्हा ढकलायला घेतला होता आणि ती वळणावर होती. डावीकडे वळायचं तर उजव्या पायानं मोठं पाऊल टाकावं लागतं. ती ते टाकत होती. पाय लटपटला, दांडीवर लोंबकळली, पुन्हा टाकला. तुळशीभोवती एक फेरा झाला आणि दुसरा सुरू झाला. बायको तिथेच अंगणात खाली बसली.

त्या वाकड्या भोकानं पाय बरा केला, असं मी म्हणत नाही. डॉक्टर म्हणाले, आपोआपच झालं असतं, आणि ते खरं असेल. वडिलांनीही श्रेय घेतलं नाही. चाक मात्र त्यांनी दुरुस्त केलं नाही. दुरुस्तीचं साहित्य पाहणं चालू आहे, असं सांगत राहिले.

संक्रांतीच्या सुमारास एका दुपारी मी शाळेतून आलो तेव्हा गाडा अंगणात तुळशीपाशी उभा होता आणि त्याच्याजवळ कोणी नव्हतं. मागे रंध्याचा आवाज येत होता. मी पडवीच्या दाराशी गेलो. मुलगी उंबरा ओलांडून आत गेली होती, उभीच. कशालाही धरलं नव्हतं. उजवा पाय जरा बाहेर टाकत ती टेबलाकडे निघाली होती, आणि तिचं लक्ष रंध्यातून निघणाऱ्या सालीकडे होतं.

वडिलांनी तिला पाहिलं होतं. त्यांनी हाक मारली नाही, हात पुढे केला नाही. मला पाहून मानेनं, तिथेच थांब, एवढंच सांगितलं. लाकूड केव्हाच गुळगुळीत झालं असावं, पण ते रंधा तसाच चालवत राहिले, हळू, ती पोचेपर्यंत.