खंडेनवमीला न्हालेला कॉम्प्युटर आणि आमचे वसंतअण्णा

वसंतअण्णांच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात मीही लिहावं, असं संपादकांनी कळवलं. दुसऱ्यांचं लिहिलेलं टाइप करण्यात माझा जन्म गेला, त्यामुळे चार ओळी इकडच्या तिकडे झाल्या तर सांभाळून घ्यावं.

नव्वदीच्या दशकात हुबळीच्या कोप्पीकर रोडवरच्या एका औषधांच्या घाऊक दुकानात मी टायपिस्ट होते. तिथे अण्णा मॅनेजर म्हणून आले. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या टेबलावरचा चहा उचलून खिडकीत ठेवला आणि "कागदापाशी चहा नको, ताई," एवढंच म्हणाले. आले मोठे शिस्तीचे, असं मी मनात म्हटलं.

पुढे दुकानात कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं. मालक म्हणाले, "बेंगळूरहून शिकलेली मुलगी आणू. टायपिस्टचं आता काय काम?" दार उघडंच होतं, मला सगळं ऐकू आलं. माझ्या यजमानांची गिरणी बंद पडलेली, जुन्या हुबळीतलं आमचं बिऱ्हाड माझ्या एकटीच्या पगारावर चाललेलं. अण्णा शांतपणे म्हणाले, "दसऱ्यापर्यंत मुदत द्या. सुलभाताईंना जमलं नाही, तर दुसरं माणूस बघू."

दुपारच्या सुट्टीत ते मला शिकवीत. मध्ये कागदावर गिरमिट, म्हणजे आमच्याकडचे मसाला लावलेले चुरमुरे, असे, पण ते दुसऱ्या टेबलावर! मालकांना सगळा माल एका आठवड्यात कॉम्प्युटरवर हवा होता. अण्णांचा नियम वेगळा. एका वेळी एकच कपाट. त्यातल्या औषधांचे बॅच आणि मुदती पडद्यावर जुळल्या की मगच पुढचं. तोवर हाताचं रजिस्टरही चालूच. "घाईनं भरलेलं निस्तरायला दुप्पट वेळ जातो," असं ते मालकांनाही सांगत. रोज संध्याकाळी फ्लॉपीवर नक्कल काढायची, ती अण्णा घरी नेत. वर दर शनिवारी ती धारवाडच्या शाखेतल्या कॉम्प्युटरवर उघडून बघायची. बसमध्ये लोंबकळत जाताना मी कुरकुरायची. अण्णा सोबत असत आणि म्हणत, "नक्कल नुसती ठेवून काय उपयोग? उघडते का ते बघायला नको?"

खंडेनवमी उजाडली. आमच्याकडे त्या दिवशी तराजूपासून टेम्पोपर्यंत सगळ्यांची पूजा. अण्णांनी कॉम्प्युटर बंद ठेवायला सांगितलं होतं, पण मालकांना पूजेच्या वेळी पडदा उजळलेला हवा होता. अण्णा गोदामातल्या पूजेला गेले आणि इकडे मालकांनी स्वतः बटण दाबलं. हळद-कुंकू झालं, झेंडूचा हार पडला, आणि मग तांब्यातलं पाणी आंब्याच्या डहाळीनं असं मनसोक्त शिंपडलं की विचारू नका. चर्रर्र आवाज झाला आणि पडदा काळा पडला.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. दुसऱ्या दिवशी दसरा, म्हणजे माझी मुदत. अण्णा आले, त्यांनी आधी वायर काढली. कोणी केलं, असं विचारलंसुद्धा नाही. मालकच म्हणाले, "काय हो, गेलं ना सगळं?" अण्णा म्हणाले, "यंत्र गेलं. माल जागेवर आहे."

दसऱ्याला सकाळी धारवाडचा कॉम्प्युटर टेम्पोतून आला. अण्णांनी फ्लॉपी माझ्या हातात दिली आणि हात पाठीमागे बांधून उभे राहिले. त्यांनी एका शब्दानं मदत केली नाही. मी दर शनिवारी करत होते तेच केलं, आणि एकेक कपाट पडद्यावर उतरायला लागलं. मालकांनी हाताचं रजिस्टर उघडून मधलीच पानं ताडून पाहिली. सगळं जुळलं. "आत बिडरी," ते कानडीत म्हणाले, म्हणजे झालं, सोडा आता. मग चष्मा पुसत पुढे म्हणाले, "वसंतराव, त्या बेंगळूरच्या मुलीला येऊ नको म्हणून कळवा."

हुश्श! असं हलकं मला लग्नानंतर प्रथमच वाटलं. कोपऱ्यात जाऊन मी पोटभर रडून घेतलं. अण्णांनी लगेच नवा नियम सांगितला की पूजेला कॉम्प्युटर बंद आणि अक्षता कोरड्या. मालकांनी मान डोलावली. अण्णांनी कुठलीही गोष्ट कधी धडाक्यात बदलली नाही. पुढे इंटरनेट आलं, बारकोड आले, तेही असेच एकेका कपाटानं आले. त्यात आमच्यातल्या एकाही माणसाला घरी बसावं लागलं नाही.

अण्णा, आता थोडं तुमच्याकडेही बघा. रक्तदाबाची गोळी वेळेवर घ्या, सकाळचं फिरणं चुकवू नका आणि शंभरी गाठा, तीही ठणठणीत. मी त्याच दुकानातून, वयोमानाप्रमाणे, शेवटपर्यंत पूर्ण पगार घेऊन निवृत्त झाले. माझ्या दोन्ही मुलींची शिक्षणं त्या पगारावर झाली. तुम्ही दसऱ्यापर्यंत मुदत मागितलीत. मला अख्खं आयुष्य मिळालं.