बिनगाडीचे पार्किंग

"गाडी माही नाही, पण दार तं माहं आहे ना?"

हे वाक्य त्यांनी माझ्यासमोर किती वेळा उच्चारले याची नोंद मी ठेवलेली नाही. प्रत्येक वेळी ते उजव्या हाताचा तळवा उघडून खाली जमिनीकडे दाखवीत, जणू ते दार माझ्या टेबलाखालीच आहे.

मी कचेरीबाहेर बसणारा अर्जनवीस आहे. शाळा नववीत सुटली. तथापि माझ्या हातचा अर्ज भाषेच्या कारणाने परत आल्याचे उदाहरण नाही. अर्ज मी हिंदीत लिहितो, कारण इकडच्या हिंदी मुलखात तेच चालते. हा मजकूर मराठीत लिहीत आहे, कारण ते माझ्याशी मराठीतच बोलत. आमच्या ब्राह्मणपारा मोहल्ल्यात आता तसे बोलणारे थोडेच उरले आहेत.

रेल्वेच्या माल कार्यालयातून निवृत्त झालेले हे गृहस्थ माझ्या घरापासून चौथ्या दारात राहत. मी त्यांना काका म्हणे. सकाळी सात वाजता ते लाकडी हातांची एक खुर्ची बाहेर आणून दारासमोर रस्त्यावर ठेवीत, तिच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन पावलांवर एकेक वीट मांडीत आणि आत जात. आपणही अशा विटा आणि कुंड्या पाहिल्या असतील, आणि त्यांच्यामागे एखादी मोटार असणार असे गृहीत धरले असेल. काकांकडे मोटार नव्हती. अंगणात बिघडलेली एक स्कूटर होती. तिच्यावर टॉवेल वाळत.

जागा हवी होती ती काकूंसाठी. त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली होती आणि मंगळवारी व शुक्रवारी डायलिसिसला जावे लागे. ऑटो दाराशी लागला तर त्या दोन पायऱ्या उतरून आत बसू शकत. जागा नसली तर ऑटो चौकात थांबे, आणि तिथपर्यंत चालणे त्यांना शक्य नव्हते. मग तीच खुर्ची उचलली जाई. पुढे ऑटोवाला, मागे पानठेल्याचा मालक, वर काकू.

"वरात निघाली माही," काकू म्हणत. "बँड काहून नाही आणला?"

"बँडले पार्किंग नाही भेटली," काका म्हणत.

आमची गल्ली बाजाराला लागून आहे. दहा वाजले की खरेदीला आलेल्यांच्या मोटारसायकली दारोदार लागतात. कोणी तरी खुर्ची बाजूला सरकवून म्हणे, "चाचा, बस दो मिनट."

"तुमचे दोन मिनट मी तीन वर्षांपासून मोजून राहिलो," काका मराठीतच सुनावीत. समोरच्याला शब्द कळत नसत, पण सूर कळे. "हव चाचा," म्हणत तो बहुधा गाडी काढी. त्या खुर्चीची लोकांना थोडी तरी लाज होती.

अशातच गल्लीतील रहिवाशांना पार्किंगचा पास देण्याची योजना निघाली. काका माझ्याकडे आले. मी अर्ज लिहिला आणि ते स्वतः तो घेऊन गेले. खिडकीतील बाबूने विचारले, "गाड़ी नंबर?"

"मकान नंबर लिख लीजिए."

"मकान को पार्क करेंगे क्या, दादा?"

रांगेतले सगळे हसले. काकाही हसले. हे सर्व त्यांनी मला माझ्या टेबलाशी उभे राहून सांगितले, तेव्हा मात्र ते हसत नव्हते.

दुसरा अर्ज मी सात मुद्द्यांचा केला व रुग्णालयाची कागदपत्रे जोडली. त्या बाबीसाठी नमुन्यात रकाना नाही, या कारणाने तोही परत आला. तेव्हा मला ती युक्ती सुचली.

"काका, स्कूटर कोणाच्या नावावर आहे?"

"माह्याच. पण ते चालते कुठं?"

"चालली पाहिजे असे कोणत्या नियमात लिहिले आहे? नोंदणी अजून चालू आहे ना?"

काकांनी टेबलावर थाप मारली. "तुमचं डोकं म्हणजे कमाल आहे," ते म्हणाले. मला ते पटले. तिसरा अर्ज पंधरा दिवसांत मंजूर झाला. काकूंनी माझ्या हातावर पेढा ठेवला.

पुढच्या आठवड्यात दोन माणसे रंगाचा डबा घेऊन आली आणि त्यांनी दारासमोर एक पिवळा चौकोन आखला. एका स्कूटरचा. त्यात नोंदलेले वाहनच उभे राहील, असे सांगून त्यांनी खुर्ची उचलायला लावली. टॉवेल काढून स्कूटर बाहेर आणली गेली. दोन्ही चाकांत हवा नव्हती.

दुसऱ्या दिवशी काकांनी चौकोनाबाहेर वीट मांडली. एका गिऱ्हाइकाने ती पायाने सरकवली. "चाचा, आपका डिब्बा तो बन गया. अब बाकी जगह हमारी."

तो चुकीचे बोलत नव्हता. स्कूटरच्या दोन्ही अंगांना मोटारसायकली लागल्या, त्या दिवसापासून रोज लागू लागल्या, आणि ऑटो पुन्हा दाराशी आला नाही. पूर्वी वरात कधी तरी निघे. आता ती प्रत्येक मंगळवारी आणि प्रत्येक शुक्रवारी निघू लागली.

काकांनी मला दोष दिला नाही. एकदाच म्हणाले, "कागद मात्र पक्का झाला बाप्पा तुमचा." 'आपला' म्हणाले नाहीत, 'तुमचा' म्हणाले.

मी लेखणीचा माणूस आहे; ओझे उचलणे हे माझे काम नव्हे. तरी त्यानंतर खुर्चीचा मागचा उजवा पाय मी धरू लागलो. काकू मान मागे वळवून म्हणत, "अर्जवाले, सांभाळून. शिक्का पुसला जाईन."

एका मंगळवारी, ऑटो यायच्या आधीच, काकू गेल्या.

बातमी पानठेल्यापर्यंत पोहोचली आणि दहा मिनिटांत गल्ली रिकामी झाली. दुकानदारांनी स्वतः गिऱ्हाइकांना गाड्या काढायला लावल्या. कोणी दोन मिनिटे मागितली नाहीत. काकूंना न्यायला शेवटची गाडी थेट दाराशी आली. वाटेत फक्त स्कूटर होती. काकांनी हँडल धरले, मी मागून ढकलले आणि ती अंगणात नेली.

बाहेर येऊन काकांनी गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिले. उजवा तळवा उघडून जमिनीकडे दाखवला.

"पाहा," ते म्हणाले, "किती जागा आहे."

माझ्या तळहाताला टायरची धूळ लागली होती. ती मी झटकत राहिलो.

तेराव्यानंतर ते टेबलाशी आले. पास परत करायचा होता. मी चार ओळी लिहिल्या. पास परत घेण्याची तरतूद नाही, मुदत संपल्यावर तो आपोआप रद्द होईल, असे उत्तर मिळाले. ते मी वाचून दाखवले. "हव," एवढेच ते म्हणाले.

मग ते मुलीकडे पुण्याला गेले. जाण्यापूर्वी खुर्ची माझ्या टेबलापाशी आणून ठेवली. "लोक उभे राहून थकतात तुमच्यापाशी," म्हणाले. स्कूटर त्यांनी पुन्हा बाहेर चौकोनात उभी केली. नियम होता.

घराला कुलूप आहे. संध्याकाळी परतताना मी पाहतो. दोन्ही अंगांना मोटारसायकली दाटीने लागलेल्या असतात, एकीचे हँडल दुसरीत अडकलेले असते. पिवळ्या चौकोनात मात्र कोणी शिरत नाही.

कागद पक्का आहे.